चमचा ढकलणारी, पण पोळीवर झडप घालणारी साडेआठ महिन्यांची मुलगी

पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी साडेआठ महिन्यांची. तीन आठवड्यांनी आईला अंबडच्या कंपनीत परत रुजू व्हायचंय. दहा-बारा दिवसांपासून मुलगी दिवसा अंगावर पीत नाही, रात्री मात्र पिते. बाटली तोंडाला लावू देत नाही. मिक्सरमधून काढलेली खिचडी दोन चमचे खाते आणि तोंड मिटून घेते, पण मोठ्यांच्या ताटातल्या पोळीवर झडप घालते. एकदा पोळीचा तुकडा तोंडात गेला, तिला उमासे आले, सासूबाई घाबरल्या, आणि तेव्हापासून सगळं पातळच चाललंय. त्या विचारतात: अंगावरचं बंद केलं तर भुकेने खाईल का? पावडरचं दूध सुरू करू का? आणि हातात काय द्यायचं, कधीपासून?

नाशिकमध्ये स्तनपान आणि बाळांच्या आहाराचा सल्ला देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. अशा प्रश्नांमध्ये आई दूध, चमचा आणि बाटली अशा तीन तक्रारी वेगवेगळ्या मांडते. तुमच्या बाबतीत मला वाटतं तिला खायचं आहे, फक्त भरवून घ्यायचं नाहीये. पोळीवरची झडप हेच सांगते. खरी अडचण वेळेची आहे. तीन आठवड्यांत दूध, अन्नाचा पोत आणि भरवणारं माणूस, तिन्ही बदलायला तुम्ही निघाला आहात. तिन्ही एकाच वेळी बदललंत तर कशामुळे बिनसलं ते कुणालाच कळणार नाही. माझं मत सरळ आहे: पोत आजपासून बदला, दूध कमी करू नका, आणि बाटलीचा नाद सोडून द्या.

हे सगळं मी एक गोष्ट गृहीत धरून सांगते आहे. मुलगी पूर्ण दिवसांची जन्मलेली आहे, आधाराशिवाय किंवा थोड्या आधाराने नीट बसते, मान सांभाळते आणि वजन वाढीच्या तक्त्यावर तिच्या रेषेवर चाललंय. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, अजून बसत नसेल किंवा प्रत्येक वेळी पाणी पितानाही ठसकत असेल, तर पुढचं वाचून प्रयोग करू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आधी दुधाचं. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला दिवसा जगात फार कामं असतात. बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, कुणीतरी खोलीत येतं, की पिणं सोडून मान वळलीच. रात्री अंधार आणि शांतता असते म्हणून पिते. म्हणजे दूध तिने सोडलेलं नाही. एक वर्षाच्या आत बाळ आपणहून अंगावरचं कायमचं सोडतं असं क्वचितच होतं. दिवसा अचानक नकार आला तर काही साधी कारणं तपासा. दात येताहेत का. नाक चोंदलंय का, कारण नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे कारण मला सर्रास सापडतं. नाक बंद असलं की बाळाला ओढता येत नाही. एका कुशीवर घेतलं की रडते का, म्हणजे कान दुखत असेल. जिभेवर किंवा गालांच्या आत पुसून न जाणारे पांढरे डाग आहेत का. तुम्ही साबण किंवा अत्तर बदललंत का, पाळी परत सुरू झाली का. आणि एक कारण आया सांगत नाहीत: तिने चावा घेतला, तुम्ही दचकून ओरडलात, ती घाबरली. नवे दात आलेल्या बाळांत हे चालतंच, त्यात कुणाची चूक नाही.

उपाय म्हणाल तर दिवसा एक-दोनदा खोली अंधारी करा, ती झोपेतून नुकतीच उठतेय किंवा पेंगतेय अशा वेळी जवळ घ्या. डोकं धरून दाबू नका, त्याने नकार पक्का होतो. पाजायचा हेतू न ठेवता तिला उघड्या अंगाने छातीशी घेऊन नुसतं लोळा. दिवसाचं पाजणं चुकलं तर तेवढं दूध हाताने किंवा पंपाने काढा. एक तर गाठी होणार नाहीत, दुसरं म्हणजे दूध टिकेल, आणि काढलेलं दूध वाटीने तिच्याच पोटात जाईल.

आता "बंद केलं तर खाईल का" याचं उत्तर. नाही, आणि तसं करूही नका. अंगावर पिणाऱ्या बाळाला ९ ते ११ महिन्यांत वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ३०० कॅलरी लागतात. ६ ते ८ महिन्यांत सुमारे २०० लागतात. बाकीची निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा या वयात दुधातूनच येते. ती तोडली तर समोर भुकेलं, चिडलेलं बाळ उरतं, आणि चिडलेलं बाळ चावायला शिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही अंगावर पाजायला सांगते, ते याच हिशेबाने. मात्र जेवणाच्या तोंडावर पाजू नका. दूध आणि जेवण यांत दीड-दोन तासांचं अंतर राहिलं की दोन्हीला न्याय मिळतो.

पावडरचं दूध तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. काढलेलं दूध पुरत असेल तर गरज नाही. कामावर गेल्यावर खरंच कमी पडलं तर डॉक्टरांना विचारून सुरू करा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. डब्यावर लिहिलेलं माप तंतोतंत पाळा. "जड पडेल" म्हणून पातळ केलेलं दूध म्हणजे बाळाचं पोट पाण्याने भरणं. पाणी उकळलेलं हवं. गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून एक वर्षानंतर; तोवर दही, पनीर जेवणातून चालेल. आणि एखाद्याने पावडरचा मोफत डबा हातात ठेवला, तर आपल्याकडे १९९२च्या कायद्याने अशा दुधाची, बाटल्यांची जाहिरात आणि नमुने वाटणं बंद आहे, एवढं लक्षात असू द्या.

बाटली नाकारते याचा मला तर आनंदच झाला. या वयाचं बाळ छोट्या वाटीने, फुलपात्राने किंवा घरात असेल तर बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या भांड्याने, सहज पिऊ शकतं. आधी जेवताना उकळून गार केलेलं पाणी दोन-तीन घोट वाटीने द्या. अर्धं अंगावर सांडेल. आठवडाभरात ओठ लावायचे कसे ते कळतं, मग त्याच वाटीतून दूध. बाटली धुण्याची आणि पुढे सोडवण्याची कटकट वाचली ती वेगळीच.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: मिक्सर. साधारण आठ महिन्यांपर्यंत बहुतेक बाळं हातात धरून खाण्याचे पदार्थ खाऊ शकतात. आणि कण असलेलं, जाडसर अन्न दहा महिन्यांच्या पुढे लांबवलं तर पुढे खाण्याच्या तक्रारी वाढतात, असं आढळलेलं आहे. म्हणजे तुमच्या हातात आत्ताचा काळ आहे. जीभ डावी-उजवीकडे फिरवून घास हिरड्यांखाली न्यायचा, हे काम बाळ शिकतं ते कण तोंडात आल्यावरच. गुळगुळीत पेस्ट नुसती गिळली जाते. दाढा नाहीत म्हणून थांबायचं नसतं. हिरड्या केळं आणि मऊ भात सहज चिरडतात.

मिक्सरचा दुसरा तोटा पाण्याचा. पातं फिरावं म्हणून आपण पाणी घालतो. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं वजनाच्या किलोमागे सुमारे ३० मिली, म्हणजे आठ किलोच्या मुलीला जेमतेम २४० मिली. त्यातलं निम्मं पाणी असेल तर तिला कसली ऊर्जा मिळणार? वरणाचं पाणी, भाताची निवळ हे म्हणूनच जेवण नव्हे. चमचा तिरका केल्यावर घास ओघळला नाही पाहिजे, एवढा घट्टपणा ठेवा, आणि वर चमचाभर तूप किंवा तेल.

बदल असा करा. दोन दिवस खिचडी मिक्सरऐवजी डावाने किंवा रवीने घोटा. मग काट्याने किंवा हाताने कुस्करा आणि शितं दिसू द्या. सासूबाईंना समजवायला तुमच्याकडे चांगला मुद्दा आहे: त्यांनी मुलं वाढवली तेव्हा बाळाचं जेवण मिक्सरमधून काढायची पद्धत नव्हती. "तुम्ही गुरगुट्या भात कसा करायच्या?" असं विचारा आणि तोच करायला लावा. माझ्याकडे येणाऱ्या घरांत वाद घालून जे साधत नाही ते या एका प्रश्नाने साधतं.

हातात देण्याच्या पदार्थाची परीक्षा साधी: अंगठा आणि तर्जनीत धरून हलकं दाबल्यावर पूर्ण चिरडला गेला पाहिजे. वाफवलेलं गाजर, लाल भोपळा, दुधी, रताळं, बटाटा, पिकलेलं केळं, पपई, बिया काढलेला चिकू, वाफवलेलं सफरचंद, मऊ इडलीचा लांब तुकडा, नागलीचं (नाचणीचं) किंवा मुगाचं जाळीदार मऊ धिरडं, पूर्ण उकडलेल्या अंड्याचे लांब काप, मऊ पनीर. मांसाहारी घरात काटे नीट काढलेला मासा, शिजून सुटलेलं चिकन बारीक करून. सुरुवातीला तुकडे आपल्या बोटाएवढे लांब ठेवा, कारण बाळ मुठीने धरतं आणि मुठीबाहेर आलेलं टोक खातं. नऊ महिन्यांच्या आसपास अंगठा-बोटाची चिमूट जमू लागली की वाटाण्याएवढे मऊ तुकडे. ताटात एका वेळी दोन-तीनच, ढीग पाहिला की बाळं सगळं उधळतात.

तुमच्या मुलीने उमासा काढला तो पोळीवर, यात नवल नाही. कोरडी पोळी तोंडात ओली होऊन चिकट गोळा बनते आणि टाळ्याला बसते. पहिल्या पदार्थांत पोळी येतच नाही. ती हवीच असेल तर वरणात पूर्ण भिजवून कुस्करून. चहात बुडवलेलं बिस्कीट आणि खारी तर नकोच. साखर-मैद्याशिवाय त्यात काही नाही, आणि चहा लोह शोषू देत नाही.

बसवायचं सरळ. पाटावर तुमच्या मांडीला टेकून, किंवा उंच खुर्चीत, पाय टेकलेले. वॉकरमध्ये नाही, आडवं नाही, रांगताना मागे फिरून तर अजिबात नाही. तुकडा तुम्ही तोंडात कोंबू नका, तिचा तिला नेऊ द्या. किती आत न्यायचा हे तिच्या हाताला कळतं. चमचा सोडायची गरज नाही. एक चमचा तिच्या हातात, एक तुमच्या. काहीजण हल्ली सांगतात की चमचा वापरायचाच नाही. आपली वरण-भात, खिचडी, पेज ही जेवणं पाहता मला ते पटत नाही. दोन्ही चालू द्या. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि पहिले आठवडे सांडण्याकडे काणाडोळा करा.

आता उमाशाची भीती. बाळाचा उमासा येण्याचा बिंदू जिभेवर मोठ्यांपेक्षा बराच पुढे असतो. घास थोडा मागे गेला की जीभ बाहेर येते, चेहरा लाल होतो, आवाज येतो, डोळ्यांत पाणी येतं आणि घास पुढे फेकला जातो. हा तिचा बचाव आहे. अशा वेळी शांत बसून बघा, तोंडात बोट घालू नका. बोटानेच घास मागे ढकलला जातो. घशात खरोखर अडकलं तर चित्र उलटं असतं: आवाज बंद, खोकता येत नाही, रडता येत नाही, ओठ निळसर. तेव्हा बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली करून घ्या आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या मधोमध ५ थापा मारा. नाही निघालं तर उताणं करून, डोकं खालीच ठेवून, छातीच्या मधल्या हाडावर स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली ५ वेळा दाबा. निघेपर्यंत हेच आलटून पालटून, आणि दुसऱ्या कुणीतरी त्याच वेळी १०८ला फोन लावायचा. बाळ निपचित पडलं तर थापा थांबवून छातीदाब आणि तोंडाने श्वास द्यायला लागतं. वाचून हे हातात बसत नाही. बालरोगतज्ज्ञांकडे लसीला जाल तेव्हा बाहुलीवर करून दाखवायला सांगा, आणि सासूबाईंना सोबत न्या, कारण दिवसभर घरात त्याच असणार.

नाशिककरांसाठी वेगळं सांगावंच लागतं ते द्राक्षांबद्दल. जानेवारी ते एप्रिल दिंडोरी-पिंपळगावकडून कुणी ना कुणी पेटी आणून ठेवतं आणि मोठी भावंडं कौतुकाने बाळाच्या तोंडात मणी टाकतात. अख्खा मणी गोल, गुळगुळीत आणि बरोबर श्वासनलिका बंद करेल अशा मापाचा असतो. द्राक्ष द्यायचंच तर नीट धुऊन, साल काढून, उभे चार काप करून, आणि हा नियम पाच वर्षांपर्यंत. शेंगदाणे, फुटाणे, चिवडा, मक्याच्या लाह्या, कच्चं गाजर, कच्चं सफरचंद, खोबऱ्याचे तुकडे, अख्खे मनुके, बिया असलेली बोरं आणि सीताफळ हेही त्याच यादीत. शेंगदाण्याला मात्र पूर्ण बंदी नाही: बारीक कूट खिचडीत मिसळून जरूर द्या. शेंगदाणा, अंडं असे पदार्थ उशिरा दिल्याने ॲलर्जी टळत नाही. नवा पदार्थ सकाळी, थोडासा, एका वेळी एकच, म्हणजे काही झालं तर दिवसाउजेडी कळेल. बाळाला जोरदार इसब असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारून.

मीठ, साखर, गूळ एक वर्षापर्यंत वगळा. तिचा वाटा मीठ-तिखट घालण्याआधी काढून ठेवा. हळद, जिरं, हिंग चालतं. मध एक वर्षाच्या आत थेंबभरही नको, चाटणातसुद्धा नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळांना होणारा बोट्युलिझम गंभीर असतो. लोहाकडे लक्ष हवं, कारण जन्मताना मिळालेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. अंडं, मासा, चिकन, कुस्करलेली मोडाची उसळ, वर लिंबाचे दोन थेंब. नागली चांगली, कॅल्शियमसाठी तर फारच, पण लोहाचा सगळा भार तिच्या सत्त्वावर टाकू नका.

तर तीन आठवडे असे धरा. पहिल्यात मिक्सर बंद, रोज एका जेवणात हातात काहीतरी, आणि वाटीने पाणी. दुसऱ्यात दुपारचं जेवण आणि वाटीतलं दूध सासूबाईंनी द्यायचं, तुम्ही दुसऱ्या खोलीत. आई दिसत असेल तर बाळ दुसऱ्याच्या हातून कशाला पिईल? तिसऱ्यात दोन-तीनदा प्रत्यक्ष चार-पाच तास घराबाहेर राहून बघा. दुधाच्या वेळा तोवर हलवू नका. निघण्याआधी पाजणं, परतल्यावर पाजणं आणि रात्रीचं, हे कामावर गेल्यावरही चालतं. संध्याकाळी ती चिकटून बसेल, रात्री जास्त उठेल. दिवसाचं भरून काढतेय असं समजा.

काढलेलं दूध खोलीत ४ तास, फ्रिजच्या आतल्या बाजूला २४ तास. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कंपनीतून आणताना बर्फाच्या पिशवीसोबतच. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. कंपनीत संकोच करू नका: मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ मिळण्याचा हक्क कायद्याने दिलाय, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही करावी लागते. रुजू होण्याआधी एचआरला लेखी विचारून ठेवा, नंतर विचारलं की "बघू" होतं.

किती खायला हवं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा फोन त्याचाच असतो. नऊ महिन्यांनंतर दिवसाला तीन-चार जेवणं, हवं तर एखाददुसरं मधलं खाणं, एका वेळी साधारण अर्धी मोठी वाटी. काय आणि कधी हे तुम्ही ठरवा, किती हे तिला ठरवू द्या. मान फिरवली, तोंड मिटलं, की जेवण संपलं; वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त ओढू नका. मोबाईल दाखवून चार चमचे जास्त जातात हे खरं, पण पोट भरल्याचं तिला कळेनासं होतं आणि पुढे मोबाईलशिवाय तोंड उघडत नाही. एका दिवसाचा हिशेब न बघता आठवड्याचा बघा. शीमध्ये गाजराचे तुकडे दिसतील, बीटाने लाल होईल, घाबरू नका.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतोच. त्याच फेरीत वजन आणि लांबी माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्या. सहा महिन्यांनंतर वजन वाढण्याचा वेग मंदावतो, ते स्वाभाविक. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली तर मात्र दाखवा. लोहाचं सिरप सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली आशाताईंकडून मिळतं, सुरू नसेल तर तेही तेव्हाच विचारा. आणि रात्रीचंही दूध सोडलं, लंगोट नेहमीपेक्षा बऱ्याच कमी ओल्या होऊ लागल्या, ताप आला किंवा खाताना वारंवार ठसका लागून छातीत घरघर येऊ लागली, तर लसीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.